आंतरधर्मीय लग्नाची नोंदणी: नोटिशीच्या आधी काय करायचं आणि नंतर काय

दोघांपैकी कुणीही धर्म न बदलता लग्न करायचं असेल, तर त्यासाठी विशेष विवाह कायदा, १९५४ आहे. कायदा किचकट नाही. गोंधळ होतो तो क्रमात. बहुतेक जोडपी आधी नोटीस (लग्न करणार असल्याची विवाह अधिकाऱ्याला दिलेली लेखी सूचना) देतात, मग कागद जमवायला लागतात, आणि घरी बातमी फुटली की पोलिसांकडे कसं जायचं ते विचारत फिरतात. हे सगळं उलट्या क्रमाने व्हायला हवं. नोटीस ही जाहीर गोष्ट आहे. ती लागल्यावर तुमचं लग्न गुपित राहत नाही, आणि घड्याळही तिथूनच सुरू होतं. म्हणून या लेखात नोटीस सहाव्या टप्प्यावर आहे.

पुढची माहिती महाराष्ट्रातल्या जोडप्यांसाठी आहे. गोव्यात सिव्हिल रजिस्ट्रारकडे नोंदणीची पद्धत वेगळी आहे, तिथल्यांनी तिथेच चौकशी करावी.

टप्पा १: मुळात हाच कायदा लागतो का?

एक जण हिंदू आणि दुसरा बौद्ध, जैन किंवा शीख असेल, तर विशेष विवाह कायद्याची गरज नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ या चौघांनाही लागू आहे. विधी करा आणि नोंदणी करा, तीस दिवसांच्या नोटिशीची भानगड नाही. हे माहीत नसल्यामुळे हिंदू-बौद्ध जोडपी विनाकारण महिनाभर थांबतात आणि घरच्यांना बोंब मारायला तेवढा वेळ मिळतो. अर्थात धार्मिक विधी नकोच असेल, तर त्यांनाही विशेष विवाह कायद्याचा मार्ग खुला आहे.

दोघांपैकी एक ख्रिस्ती असेल, तर भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, १८७२ हाही पर्याय आहे. हिंदू-मुस्लिम, मुस्लिम-पारशी, हिंदू-पारशी अशा जोडप्यांनी मात्र सरळ विशेष विवाह कायद्याकडे यावं.

सावध: ‘एका दिवसात लग्न लावून सर्टिफिकेट देतो’ म्हणणारे एजंट कोर्टाच्या आवारात भेटतात. त्यांच्या एका दिवसाचा अर्थ बहुधा असा, की एकाचं घाईघाईने धर्मांतर दाखवायचं आणि दुसऱ्याच्या धर्माप्रमाणे विधी उरकायचा. पुढे कुणी ते धर्मांतर खोटं ठरवलं, तर त्यावर उभं असलेलं लग्नही अडचणीत येतं. शिवाय धर्मांतराबाबतचे कायदे आता अनेक राज्यांत कडक झाले आहेत. धर्म बदलायचा नसेल, तर तो कागदावरसुद्धा बदलू नका.

टप्पा २: योग्य खिडकी गाठा

सगळ्यात जास्त फेऱ्या इथे वाया जातात. महापालिकेचं वॉर्ड ऑफिस किंवा ग्रामपंचायत लग्नाची नोंद करते ती १९९८ च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली, आणि ती नोंद आधीच झालेल्या लग्नाची असते. तिथे विधीचा पुरावा आणि विधी लावणाऱ्याची सही मागतात. तुम्हाला लग्न *लावून* हवं आहे. ते काम जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याचं, आणि तो नोंदणी व मुद्रांक विभागाचा माणूस असतो. मुंबई-पुण्यात त्यासाठी स्वतंत्र कार्यालयं आहेत. इतर जिल्ह्यांत बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणचे दुय्यम निबंधक हे काम पाहतात, म्हणजे जिथे खरेदीखतं होतात तीच कचेरी.

तपासा: आत गेल्यावर ‘लग्न नोंदणी कुठे होते?’ असं विचारू नका. ‘विशेष विवाह कायद्याची नोटीस कुठे घेतात?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नावर निम्मे लोक तुम्हाला वॉर्डात पाठवतील.

टप्पा ३: तीस दिवसांचा रहिवास पक्का करा

नोटीस कोणत्याही जिल्ह्यात देता येत नाही. ज्या जिल्ह्यात दोघांपैकी किमान एक जण नोटिशीच्या लगेच आधी निदान ३० दिवस राहिला आहे, तिथेच ती चालते. दोघांचा रहिवास लागत नाही, एकाचा पुरतो.

नेहमीची चूक अशी: गावाकडून निघून पुण्यात येतात, सोमवारी भाडेकरार करतात आणि गुरुवारी नोटीस द्यायला जातात. करारावरची तारीख पाहून अधिकारी परत पाठवतो, आणि त्याचं बरोबरच असतं. भाड्याने राहणार असाल, तर नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स करार आधी करा आणि त्यातली सुरुवातीची तारीख ओलांडून तीस दिवस जाऊ द्या. वसतिगृह किंवा पीजीत राहत असाल, तर तिथला पुरावा चालेल का, हे त्याच कचेरीत आधी विचारून घ्या.

आता यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट. दोघांपैकी कुणी त्या जिल्ह्याचा कायमचा रहिवासी नसेल, तर कायद्याप्रमाणे नोटिशीची प्रत त्याच्या कायमच्या जिल्ह्यातल्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथल्या फलकावरही लागते. मुलगी नांदेडची, नोटीस पुण्यात, तर एक कागद नांदेडलाही लागणार. ‘पुण्यात कोण बघतंय?’ या भरवशावर राहिलेल्यांना गावाकडून फोन येतो तो यामुळेच. खोटा कायमचा पत्ता लिहून हे चुकवू नका. आक्षेप आला, तर पहिली पकड तिथेच बसते. तो कागद लागणार हे धरून पुढची आखणी करा.

टप्पा ४: कागद, आणि त्यावरची नावं

लागणारे कागद थोडेच आहेत:

– वयाचा पुरावा: जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र किंवा पासपोर्ट. मुलाला २१ आणि मुलीला १८ पूर्ण हवीत.
– रहिवासाचा पुरावा, आधार, पासपोर्ट आकाराचे फोटो.
– आधी लग्न झालेलं असेल, तर घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत, किंवा जोडीदार वारला असल्यास मृत्यूचा दाखला.
– परदेशी नागरिक असेल, तर पासपोर्ट, व्हिसा आणि तो अविवाहित असल्याचं त्याच्या दूतावासाचं पत्र.
– तीन साक्षीदार, ओळखपत्रांसह. हे लग्नाच्या दिवशी लागतात, पण नावं आताच नक्की करा.

काम अडतं ते कागद नसल्याने नव्हे, कागदांवरच्या नावांमुळे. आधारवर ‘शेख समीना अब्दुल रज्जाक’, दाखल्यावर ‘समीना अ. रज्जाक शेख’, पॅनवर नुसतं ‘समीना शेख’. माणूस एकच, पण कारकुनाच्या लेखी तिघी जणी. हिंदू घरांतही मधलं नाव गाळलेलं असतं, आडनावाच्या ठिकाणी गावाचं नाव असतं. दोघांचे सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख या तीन गोष्टी अक्षर न् अक्षर जुळवून बघा. फरक स्पेलिंगचा असेल, तर प्रतिज्ञापत्रावर बहुधा भागतं. जन्मतारखेतच फरक असेल, तर आधी आधार दुरुस्त करा. त्याला लागतील तेवढे दिवस लागू द्या.

मूळ दाखले घरी असतात, आणि घरात वाद सुरू झाला की ते कपाटात कुलूपबंद होतात. ते मिळणार नसतील, तर दहावीच्या प्रमाणपत्राची दुसरी प्रत बोर्डाकडून आणि जन्मदाखला जिथे जन्माची नोंद झाली त्या नगरपालिकेकडून किंवा ग्रामपंचायतीकडून काढता येतो. वाद पेटल्यावर नव्हे, आधीच काढा.

तपासा: घटस्फोटाचा निकाल नवा असेल, तर त्यावर अपील करण्याची मुदत संपली का, हे वकिलाकडून बघून घ्या. आधीचा जोडीदार कायद्याने अजून ‘जोडीदार’ असेल, तर नवं लग्न टिकत नाही. फौजदारी गुन्हा होतो तो वेगळाच.

टप्पा ५: सुरक्षेची तयारी, नोटिशीच्या आधी

घरचे राजी असतील, तर हा टप्पा सोडून पुढे जा. नसतील, तर सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

शक्तिवाहिनी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २७ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितलं, की आंतरजातीय आणि आंतरधर्मीय जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष, चोवीस तास चालणारी हेल्पलाइन आणि सुरक्षित निवारा यांची सोय करा. निवाऱ्यात आधी एक महिना राहता येतं, नाममात्र शुल्कात. धोका कायम असेल, तर महिन्या-महिन्याने मुदत वाढवून एकूण एका वर्षापर्यंत. महाराष्ट्राच्या गृह विभागाने डिसेंबर २०२४ मध्ये याबाबतचं परिपत्रक काढलं आहे.

हा कक्ष पोलिस आयुक्त किंवा जिल्हा पोलिस अधीक्षकांच्या अखत्यारीत येतो. कोपऱ्यावरच्या चौकीतल्या हवालदाराला तो माहीत असेलच असं नाही, म्हणून परिपत्रकाची प्रिंट सोबत ठेवा आणि अर्ज थेट आयुक्तालयात किंवा अधीक्षक कार्यालयात द्या. अर्ज एका पानाचा पुरे:

– दोघांची नावं, वयं, वयाचे पुरावे.
– आम्ही सज्ञान आहोत आणि स्वतःच्या मर्जीने लग्न करत आहोत, हे एक वाक्य.
– धमकी कोणी दिली, कधी, कोणत्या नंबरवरून, काय शब्दांत. ‘जिवाला धोका आहे’ एवढ्यावर भागत नाही. मेसेजचे स्क्रीनशॉट जोडा.
– काय हवं आहे: निवारा, संरक्षण, की नोटीस आणि लग्नाच्या दिवशी बंदोबस्त.

दोघांच्या सह्या करा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. तोंडी ‘बघतो’ला काहीही किंमत नाही.

मुलगी घर सोडणार असेल, तर आणखी एक गोष्ट त्याच दिवशी करा. घरच्यांच्या हद्दीतल्या पोलिस ठाण्याला तिच्या सहीचं पत्र, पोच देणाऱ्या टपालाने किंवा ईमेलने: मी सज्ञान आहे, स्वखुशीने घर सोडलं आहे, मला कोणी पळवलेलं नाही. घरचे पहिलं काम करतात ते ‘मिसिंग’ दाखल करण्याचं. हे पत्र आधीच पोहोचलेलं असेल, तर पुढची चौकशी जबाबावर आटोपण्याची शक्यता वाढते. जबाबाला बोलावलं, तर जा, पण वकील सोबत घ्या, आणि आई-वडिलांच्या घरी नेऊन जबाब घेऊ देऊ नका.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. पोलिस दाद देत नसतील, तर उच्च न्यायालयात संरक्षणासाठी रिट याचिका करता येते.

सावध: २०२२ मध्ये महिला व बालविकास विभागाने आंतरधर्मीय विवाहांसाठी एक राज्यस्तरीय समन्वय समिती नेमली होती. तिची परवानगी किंवा तिच्याकडची नोंद हा या कायद्याच्या प्रक्रियेचा भाग नाही. ‘आधी समितीचं पत्र आणा’ असं कोणी सांगितलं, तर ते लेखी मागा.

टप्पा ६: नोटीस

आता नोटीस. महाराष्ट्रात ती नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून भरता येते. नाहीतर कचेरीत जाऊन दुसऱ्या अनुसूचीतल्या नमुन्यात द्या. फी किरकोळ आहे. पावतीवर लिहिलेल्या रकमेपलीकडे कोणी मागत असेल, तर ती फी नव्हे.

सबमिट करण्याआधी नमुना दोघांनी स्वतः वाचा. सायबर कॅफेवाल्याने भरलेल्या नोटिशीत वय, ‘अविवाहित की घटस्फोटित’ आणि ‘राहण्याचा कालावधी’ हे तीन रकाने हमखास चुकलेले सापडतात.

नोटिशीची नोंद विवाह नोटीस वहीत होते आणि प्रत कचेरीतल्या फलकावर लागते. नाव, पत्ता, वय सगळं त्यावर दिसतं. आई-वडिलांना टपालाने कळवण्याची किंवा कचेरीत बोलावण्याची तरतूद मात्र या कायद्यात नाही. कोणी तसं करायला निघालं, तर ‘कोणत्या कलमाखाली?’ एवढंच विचारा. २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने म्हटलं होतं, की नोटीस फलकावर लावायची की नाही हे जोडप्याच्या इच्छेवर सोडावं. समाजमाध्यमांवर तो निकाल अजून फिरतो. पण महाराष्ट्रातल्या अधिकाऱ्यावर तो बंधनकारक नाही, त्यावर विसंबू नका.

टप्पा ७: तीस दिवस आणि आक्षेप

नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवस कोणीही आक्षेप घेऊ शकतो. ‘कोणीही’ हा शब्द ऐकून जोडपी घाबरतात. पण आक्षेप *कशावर* घेता येतो, ते कलम ४ मध्ये ठरलेलं आहे: दोघांपैकी कुणाचा जोडीदार हयात आहे, वय कमी आहे, संमती देण्याइतकी मानसिक क्षमता नाही, किंवा दोघांत निषिद्ध नातं (कायद्याने लग्नाला मनाई असलेलं जवळचं नातं) आहे. ‘मुलगा मुसलमान आहे’, ‘आमची संमती नाही’, ‘समाजात तोंड दाखवायला जागा राहणार नाही’, यांपैकी एकही कायद्याने आक्षेप ठरत नाही.

निनावी फोन किंवा पत्र हाही आक्षेप नव्हे. आक्षेप वहीत लिहिला जातो, घेणाऱ्याला वाचून दाखवला जातो आणि त्याखाली त्याची सही लागते. अधिकारी तुम्हाला ‘आक्षेप आलाय’ एवढंच सांगत असेल, तर वहीतली नोंद दाखवा म्हणा.

खरा आक्षेप आला, तर अधिकाऱ्याने तीस दिवसांत चौकशी करून निर्णय द्यायचा असतो. आक्षेप त्याने मान्य केला, तर तुम्हाला जिल्हा न्यायालयात अपील करायला तीस दिवस मिळतात. आक्षेप अवाजवी आणि वाईट हेतूने घेतलेला निघाला, तर आक्षेप घेणाऱ्याकडून एक हजार रुपयांपर्यंत खर्च वसूल करण्याचा अधिकार अधिकाऱ्याला आहे. रक्कम १९५४ सालची आहे, आणि आज तिचा धाक कोणाला वाटत नाही.

तारखांचं गणित: नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही, तर ती रद्द होते आणि सगळं पहिल्यापासून. समजा ५ जानेवारीला नोटीस दिली आणि त्याच दिवशी ती फलकावर लागली. ४ फेब्रुवारीपर्यंत थांबायचं, आणि एप्रिलच्या पहिल्या दोन-तीन दिवसांच्या आत लग्न उरकायचं. तारीख शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. सर्व्हर बंद असतो, अधिकारी निवडणुकीच्या कामाला गेलेला असतो, सलग सुट्ट्या येतात. एकतीस-बत्तिसाव्या दिवसाचीच वेळ धरा.

टप्पा ८: लग्नाचा दिवस

दोघे, तीन साक्षीदार, सगळ्यांची मूळ ओळखपत्रं. आधी दोघे आणि साक्षीदार तिसऱ्या अनुसूचीतल्या निवेदनावर सह्या करतात. त्यात खोटं काही असेल, तर सही करणाऱ्यावर कलम ४५ खाली कारवाई होऊ शकते, आणि यात साक्षीदारही आले. म्हणून तुम्हाला खरोखर ओळखणारे साक्षीदार न्या. कचेरीबाहेर पैसे घेऊन साक्षीदार मिळतात. वाद कोर्टात गेला, की हे लोक सापडत नाहीत.

मग विवाह अधिकारी आणि साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना म्हणायचं, की मी तुला कायदेशीर पती किंवा पत्नी म्हणून स्वीकारतो वा स्वीकारते. दोघांना कळेल त्या भाषेत चालतं, मराठीत म्हणा. हार घाला, अंगठ्या घाला, काहीच नको असेल तर नका घालू. जादा फी भरून अधिकाऱ्याला जवळच्या सभागृहात किंवा घरी बोलावण्याची सोय कायद्यात आहे. पण घरचा विरोध असेल, तर कचेरीच बरी.

तपासा: प्रमाणपत्रावर सही करण्याआधी नावं, जन्मतारखा आणि लग्नाची तारीख दोघांनी वाचा. तिथे सही झाल्यावर स्पेलिंग बदलायला पुन्हा खेटे घालावे लागतात. त्याच दिवशी प्रमाणित प्रतींसाठी अर्ज करा. पासपोर्ट, बँक, व्हिसा, सगळीकडे त्या लागतील.

निकाह, सप्तपदी, चर्चमधला आशीर्वाद, जे काही हवं असेल, ते प्रमाणपत्र हातात आल्यावर करा. आधी नको.

विधी आधीच झाला असेल तर

मग रस्ता कलम १५ चा: झालेल्या लग्नाची विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी. इथेही तीस दिवसांची जाहीर नोटीस आहे. मात्र रहिवासाची अट दोघांना लागू होते, आणि नोंदणीच्या दिवशी दोघांचंही वय २१ पूर्ण हवं. म्हणजे एकोणीस वर्षांची मुलगी नव्याने लग्न लावून घेऊ शकते, पण झालेल्या लग्नाची कलम १५ खाली नोंदणी करू शकत नाही. अर्ज करताना कोणतं कलम लिहिता याकडे लक्ष द्या.

टप्पा ९: लग्नानंतरचे कागद

नाव बदलणं सक्तीचं नाही, धर्म तर नाहीच. जे ठरवाल, ते आधार, पॅन, पासपोर्टवर एकसारखं ठेवा, म्हणजे चौथ्या टप्प्यातला घोळ पुन्हा होणार नाही.

वारसाहक्काकडे मात्र कोणी बघत नाही. हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख व्यक्तीने या चौघांबाहेरच्या व्यक्तीशी या कायद्याखाली लग्न केलं, की ती एकत्र कुटुंबातून वेगळी झाली असं कायदा धरतो. हिस्सा बुडत नाही, पण ती एकत्र कुटुंबाची सदस्य राहत नाही. पुढे अशा जोडप्याच्या मालमत्तेला भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू होतो. त्यानुसार मृत्युपत्र नसेल आणि मुलं असतील, तर विधवेला एक तृतीयांश आणि मुलांना दोन तृतीयांश. हे वाटप तुम्हाला हवं तसं नसेल, तर मृत्युपत्र करा, दोघांनीही. घर दोघांच्या नावावर घेताना आणि बँकेत नॉमिनी लावताना हे डोक्यात ठेवा.

पैशाच्या योजनेबद्दल

‘आंतरधर्मीय लग्नाला सरकार पन्नास हजार देतं’ हा मेसेज फिरत असतो. राज्याची पन्नास हजारांची योजना *आंतरजातीय* लग्नासाठी आहे: एक जण अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त जाती, भटक्या जमाती किंवा विशेष मागास प्रवर्गातला आणि दुसरा सवर्ण हिंदू, जैन, लिंगायत किंवा शीख. अर्ज जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे जातो. हिंदू-मुस्लिम किंवा हिंदू-ख्रिस्ती जोडपं त्यात बसत नाही, आणि ‘पाच हजार द्या, बसवून देतो’ म्हणणारा एजंट तुमच्या आधारची प्रत घेऊन जातो एवढंच.